बुजगावण्याच्या मांडीतली गोळी

पोपट दरवर्षी येतात. पण त्या वर्षी अख्ख्या नाहरखेडीत दाणा भरलेली ज्वारी एकट्या दिघ्यांच्या शेतात होती, म्हणून सगळेच्या सगळे तिथेच उतरले. बाकीच्यांची ज्वारी भादव्यात पाण्याने बसली होती. दिघ्यांचं शेत जरा चढावर. गाव गोपाळला म्हणालं, नशीबवान आहेस. गोपाळ सकाळी शेतावर जायचा, अर्धी खाल्लेली कणसं बघायचा आणि नशिबाच्या दिशेने गोफण फिरवायचा.

आठवड्याभरात त्याचा खांदा सुजला. धाकटा भाऊ विष्णू विळा घेऊन खालच्या अंगाने कापणीला लागला होता. त्याला कापणीवरून काढता येत नव्हतं.

"एक बुजगावणं उभं करा," गोपाळची बायको अहल्या म्हणाली. "तेवढा तरी एक माणूस घरात वाढेल, न जेवणारा."

बुजगावण्याला कपडे हवेत. अंगावर घालायच्या लायकीचा कपडा गवताला देण्याची घराची ऐपत नव्हती. न घालायच्या लायकीचा एकच होता. अहल्याने पेटीतून सासऱ्यांचा चोपदारीचा अंगरखा काढला. लाल बनातीचा, गुडघ्याखाली जाणारा, पितळी बटणांचा. सोबत चोचीची शिंदेशाही पगडी.

सासरे, विनायकराव, शिंदे सरकारच्या उज्जैनच्या कोठीवर चोपदार होते. हातात चांदीने मढवलेला दंड, म्हणजे चोप, घेऊन सरकारस्वारीच्या पुढे चालायचं आणि कोण येतंय ते ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. मध्यभारत झालं, सरकारस्वारी थांबली, पुढे चालायला मागे कुणी उरलं नाही. चोपेवरची चांदी सरकारजमा झाली आणि आतलं लाकूड त्यांच्याबरोबर घरी आलं. आता मध्यभारतही जाऊन मध्यप्रदेश होणार होता. म्हाताऱ्याने ते ऐकून एवढंच विचारलं होतं, "लाकूड मागायला येणार का?"

अंगरखा बुजगावण्याला घातलाय हे कळल्यावर म्हातारा शेतावर आला. गोपाळने मान खाली घातली. म्हाताऱ्याने बुजगावण्याकडे चहूबाजूंनी पाहिलं, त्याची पगडी सरळ केली.

"असा पोक काढून उभा राहतो का चोपदार?" तो म्हणाला. "मागून बांबू घाला. आणि हात रिकामा कसा?"

मग त्याने घरून चोप आणवली. बुजगावण्याच्या दोन्ही हातांत, छातीशी तिरपी, नीट सुतळीने बांधली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्याचं समाधान झालं.

पोपट खरंच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पोलीस आले.

*

डाकूंच्या मागावर पोलिसांची तुकडी नदीच्या अंगाने फिरत होती. डाकू कुणी पाहिला नव्हता, पण तुकडी सगळ्यांनी पाहिली होती. चढावरच्या ज्वारीत त्यांना एक माणूस दिसला. ताठ उभा, पगडीवाला, छातीशी बंदूक. शिपाई ओरडला, "हाथ ऊपर!" माणसाने हात वर केले नाहीत. पळालाही नाही. त्याचा हा मुजोरपणा शिपायाला सहन झाला नाही.

गोळीचा आवाज गावात पोचला तेव्हा अहल्या भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली.

सकाळी गोपाळ शेतावर गेला, तर बांधावर ठाणेदार भदौरिया बसलेले, पाय लांब करून, बुटातली माती काढत. शेजारी दिवाणजी, म्हणजे त्यांचे हेडकॉन्स्टेबल. बुजगावणं आडवं पडलं होतं. अंगरख्याला उजव्या मांडीवर भोक.

"किसका आदमी है ये?" ठाणेदारांनी विचारलं.

"साहेब, आदमी नहीं है. बिजूका आहे. घास भरलंय."

"वो मुझे भी दिखता है," ठाणेदार म्हणाले आणि बूट झटकला. ते चिडलेले नव्हते. थकलेले होते, आणि ते जास्त वाईट होतं. "पहले का ज़माना होता, तो गोली चली सो चली. अब नया हुकुम है. एक गोली चली कि मजिस्ट्रेट आएगा. किस पर चली, क्यों चली, लगी कहाँ. ऊपर से राज बदल रहा है, एक-एक कारतूस गिनकर नए राज को सौंपना है. मैं क्या लिखूँ? घास को मारा?"

गोपाळला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

"हँसो मत," ठाणेदार म्हणाले. "दरबार की वर्दी घास को पहनाई तुमने. किससे पूछकर? ये भी मजिस्ट्रेट पूछेगा."

खोकला थांबला.

मग दिवाणजींनी समजावून सांगितलं, लहान पोराला समजावतात तसं. इथे एक डाकू होता. अंधार होता. गोळी चालली, डाकूच्या उजव्या मांडीला लागली. डाकू पळाला, अंगरखा टाकून पळाला. अंगरखा कुणाचा? डाकूचा. म्हणजे गोपाळने तो कुणाला घातला हा प्रश्नच राहिला नाही. कुणी मेलं? नाही. कुणाचं काही गेलं? नाही. फक्त गावचे दोन पंच हवेत.

"घास कुठे गेलं मग?" गोपाळने विचारलं.

"घास तो खेत में होती ही है," दिवाणजी म्हणाले.

एक पंच गोपाळ. दुसरा पंच माणिक, शेजारच्या शेतावरचा सालदार. त्याने अंगठा उठवला आणि अंगठ्याची शाई धोतराला पुसत कुजबुजला, "भय्या, डाकू बडो तगडो थो. गोळी खाई ने रगत नी निकल्यो, भुसो निकल्यो."

गोपाळने सही केली. शाळेत शिकवली होती तशी, वळणदार, पूर्ण नावाची. गोपाळकृष्ण विनायकराव दिघे. माणूस सुटल्यावर जसा हलका होतो तसा तो हलका झाला. शिपायांनी बुजगावणं उचललं, बांबूसकट, पगडीसकट, चोपेसकट, आणि मुद्देमाल म्हणून बैलगाडीत उभं बांधून उज्जैनच्या कचेरीत धाडलं. आडवं घातलं तर गवत सांडत होतं. गाडी गावातून गेली तेव्हा ओट्यावर बसलेला म्हातारा उठून उभा राहिला.

"अंगरखा कुठे नेतायत?" त्याने विचारलं.

"सरकारजमा," गोपाळ म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. सरकारजमा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

*

बुजगावणं गेलं, पोपट परत आले. आता कुणीतरी राखणीच्या माळ्यावर बसणं भाग होतं. गोपाळचा खांदा सुजलेला, म्हणून विष्णू चढला. चार मेढींवरचा माळा, त्याची एक मेढ पावसाने कुजलेली. विष्णूला ते माहीत होतं. तो तीन मेढींच्या अंगाला सरकून बसायचा. पण गोफण फिरवताना माणूस सरकून बसलेलं विसरतो.

माळा कलला तो कापलेल्या अंगाला. खाली ज्वारीची धसकटं, विळ्याने तिरपी छाटलेली, एकेक भाल्यासारखं. एक विष्णूच्या मांडीत गेलं आणि आत तुटलं.

माणिकने आणि गोपाळने त्याला बांधावर घेतलं. विष्णू ओठ चावत होता. गोपाळने दातांनी धसकट ओढून काढलं. बोटाच्या पेराएवढं आलं, बाकीचं आलं की नाही कळलं नाही. भोक गोल होतं. रक्त आधी काळं आलं, मग लाल.

"भय्या," माणिक म्हणाला.

"हळद आण. पळ."

"भय्या, देखो तो सई. जीमणी जाँघ."

गोपाळने पाहिलं. उजवी मांडी. बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या वर दीड वीत. अंगरख्याला भोक होतं नेमकं तिथे. माणिक हळदीला पळाला.

रात्री अहल्या म्हणाली, "गाडी जुंपा. उज्जैनला मोठ्या दवाखान्यात नेऊ. आत तुकडा राहिलाय."

"दवाखान्यात भोकवाला माणूस नेला की आधी पोलिसांना कळवतात," गोपाळ म्हणाला.

"धसकट लागलंय म्हणून सांगा."

"मी सही केलीय, अहल्या. उजव्या मांडीत गोळी लागलेला माणूस इथून पळाला, असं मीच लिहून दिलंय."

"माणूस नव्हता ना तो!"

"आता आहे," गोपाळ म्हणाला.

अंथरुणावर विष्णू हसला. "म्हणजे दादा, त्या गवताला माझ्याआधी सरकारी नोकरी लागली, आणि आता त्याच्या जागी मला घेतायत."

अहल्याने कडुलिंबाचा पाला वाटून बांधला.

चौथ्या दिवशी मांडी तापली. पाचव्या दिवशी बातमी आली की पोलीस गावोगाव लंगडणारा माणूस शोधतायत. गुरुवारी मजिस्ट्रेटपुढे चौकशी होती, आणि मजिस्ट्रेटने आधीच पुसलं होतं की गोळी लागलेला माणूस गेला कुठे. पलीकडच्या गावातला एक कुंभार जन्मापासून लंगडा होता, त्याला उचललं. पाहिलं तर डावा पाय. अर्ध्या दिवसाने सोडला आणि वर सांगितलं, नशीबवान आहेस. त्या भागात नशिबाची हीच रीत होती.

"पकडला तर काय, मजिस्ट्रेटला खरं सांगू," विष्णू तापात म्हणाला. "गोळी आत असेल तर दाखवा म्हणू."

माणिक दारात उकिडवा बसला होता. "मजिस्ट्रेट का सामे बोलवा वाळो डाकू नी चईये उनके," तो म्हणाला. "उन्हाळा में ऊ एक थो नी, जिके नदी का रस्ता से लई ग्या था?"

सगळ्यांना तो माहीत होता. दोन्ही हात बांधून नदीच्या रस्त्याने नेत होते, वाटेत पळाला म्हणे. पाठीत लागली. हात बांधलेलेच होते. त्याच्यावर झाडलेल्या गोळीचा हिशेब अगदी व्यवस्थित लागला होता.

*

लंगडणारा माणूस लपवायचा तर त्याला चालू द्यायचं नाही. अंथरुणात ठेवला तर शेजारपाजार विचारतं, भाऊ दिसत नाहीत. ही अक्कल अहल्येची. माळ्याला नवी मेढ बसवली आणि पहाटे अंधारात विष्णूला खांद्यावर घालून वर नेऊन बसवलं. माळ्यावरच्या माणसाला कुणी चालून दाखव म्हणत नाही.

दिवसभर तो तिथे बसायचा. ताप चढला की गोफण मांडीवर पडून राहायची. पोपट दोन दिवस घाबरले, मग त्यांनी ओळखलं. अहल्या भाकरी, ताक वर द्यायची, पट्टी बदलायची. पाल्याला वास येऊ लागला होता. वाटेने जाणारे रामराम घालायचे, विष्णू हात वर करायचा. त्याचं हात वर करणं आता फार महत्त्वाचं होतं.

म्हातारा संध्याकाळी यायचा, खालून बघायचा. "पाठ सरळ," म्हणायचा.

बुधवारी उन्हं कलताना ठाणेदार आले. सोबत दिवाणजी आणि दोन शिपाई. विष्णूबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंचाला उद्या हजर राहायचा समन्स द्यायला ते आले होते. गोपाळने तो दोन्ही हातांनी घेतला. ठाणेदारांची नजर वर गेली.

"ये कौन?"

"धाकटा भाऊ. पाखरं राखतो."

"उस दिन तो नहीं था."

"त्या दिवशी बिजूका होता, साहेब."

विष्णूने रामराम घातला. त्याचा घाम हनुवटीवरून टपकत होता, आणि हवेत गारवा होता.

"नीचे आओ," ठाणेदार म्हणाले.

"साहेब, त्याला बुखार…"

"नीचे आओ, भाई."

विष्णू उतरला. हातांवर उतरला, डाव्या पायावर उभा राहिला. ठाणेदारांनी त्याला बांधापर्यंत चालायला सांगितलं. तो खूप चांगला चालला. माळ्यापासून जवळजवळ बांधालगतच्या बाभळीपर्यंत त्याने उजवा पाय डाव्यासारखा टाकला. बाभळीपाशी गुडघा वाकला आणि तो धसकटांत बसला.

ठाणेदारांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. हरवलेला बूट खाटेखाली सापडल्यावर माणसाचं जे होतं, ते होतं.

"दाहिनी जाँघ," दिवाणजी म्हणाले.

"धसकट लागलंय हो! माळ्यावरून पडले ते!" ताकाचा तांब्या ठेवून अहल्या पुढे झाली. "तुम्ही आमचं बुजगावणं नेलंत म्हणून बसावं लागलं त्यांना! यांना विचारा!"

ठाणेदार गोपाळकडे वळले. "पंच तो तुम थे. बोलो. उस रात कौन था यहाँ?"

गोपाळने तोंड उघडलं. माणूस होता म्हणावं तर तो समोर धसकटांत बसला होता. नव्हता म्हणावं तर सही होती.

शिपायाने विष्णूचे हात पुढे बांधले. ठाणेदारांनी त्याला स्वतःची विडी पेटवून दिली, तोंडात धरली. ते मनाने वाईट नव्हते.

"उज्जैन ले चलो. नदी के रास्ते."

"सडक सोडून?" अहल्याचा आवाज फाटला. "ज्याला चालता येत नाही त्याला नदीच्या घळीतून का नेता?"

"जल्दी पड़ता है," दिवाणजी म्हणाले. शिपायाने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

*

तेवढ्यात म्हातारा आला, रोजच्या वेळी. धोतर, बंडी, उघडं डोकं. त्याने बांधलेले हात पाहिले, बंदुका पाहिल्या, नदीकडे वळलेले बूट पाहिले. वाकून ज्वारीचं एक उंच ताट उपटलं, मुळं झटकली, छातीशी तिरपं धरलं आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"डोकरे, हट," दिवाणजी म्हणाले.

म्हातारा चालू लागला. चोपदार पळत नाही, थांबत नाही, मागे बघत नाही. आणि तो ओरडला. बारा कोसांवरून सरकारस्वारी कळावी असा तो आवाज आठ वर्षं घरात कोंडून ठेवलेला होता.

"निगाह रखो! विष्णू वल्द विनायकराव दिघे, मौजे नाहरखेडी, येतात! हात बांधलेले! पाय जखमी! पळू शकत नाहीत! निगाह रखो!"

झाडांवरचे पोपट उठले. कापणीवरच्या बायका उभ्या राहिल्या, विळे हातात. वाटेवरच्या खोपटांतून माणसं बाहेर आली. काय चाललंय ते कुणाला कळेना, पण कुणीतरी मोठा येतोय एवढं कळलं. त्यांतल्या जुन्या माणसांनी सवयीने मुंडाशी नीट केली. ठाणेदार मागून चालत होते, आणि त्यांना प्रत्येक खोपटापाशी लोक मुजरा करत होते. शिव्या द्यायची सोय राहिली नव्हती.

"बंद करो ये तमाशा!"

"निगाह रखो! ठाणेदार भदौरियासाहेब, दिवाणजी, दोन शिपाई, सोबत! दिवस बुधवार! येतात!"

गोपाळ विष्णूला काखेत धरून चालत होता. भावाचं अंग तव्यासारखं. लहानपणी शाळेतली पोरं बापाच्या या आवाजाची नक्कल करायची आणि गोपाळ घरी येऊन रडायचा. आता तो आवाज ऐकत तो एकेक पाऊल मोजत होता.

खोपटं संपली. शेतं संपली. वाट घळीत उतरली. दोन्ही बाजूंना मातीच्या कडा, पुढे क्षिप्रेचं पाणी, उजेड जेमतेम. इथे बघणारं कुणी नव्हतं. म्हाताऱ्याने आणखी दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. गळा बसला होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि ताट छातीशी धरून चालत राहिला.

बुटांखालचे खडे ऐकू येऊ लागले.

"छोड़ो उसे," दिवाणजी गोपाळला म्हणाले. "तुम दोनों बाप-बेटे आगे निकलो. हम लाते हैं."

विष्णू हळूच म्हणाला, "दादा, सोडू नकोस रे."

मागे बंदुकीचा खटका वाजला.

गोपाळला पुकारायचे किताब येत नव्हते. आवाजही नव्हता, त्याचा आवाज सही करतो तसा होता, वळणदार आणि लहान. त्याने श्वास घेतला.

"निगाह रखो!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज कडांवर आपटून दुप्पट होऊन आला. "विष्णू दिघे, बुजगावण्याचे धाकटे बंधू, येतात! मांडीत धसकट बाळगणारे, येतात! गोळी गवताला लागली! सही माझी! सही खोटी! गोपाळकृष्ण विनायकराव दिघे, खोटी सही करणारे, येतात!"

पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील वर केला. नाववाले होते, जाळी आवरत होते. "कुण हे रे?" असा आवाज आला.

"हाओ, हूँ देखी रियो हूँ!" कडेवरून दुसरा आवाज आला. माणिक होता. तो सगळी वाट वरून चालत आला होता, आणि त्याच्यामागे विळे घेतलेल्या बायका, त्यांत अहल्या.

ठाणेदार थांबले. कंदिलाकडे पाहिलं, कडेकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "सड़क से चलो." जणू आधीपासून तेच ठरलं होतं.

*

रात्री उज्जैनच्या देवास गेटपाशी तांगेवाले बाजूला झाले. गोपाळ अजून पुकारत होता. थांबायचं कसं ते बापाने शिकवलं नव्हतं. कचेरीच्या दारावरचा जुना पहारेकरी झोपेतून दचकला आणि त्याने खाडकन सलाम ठोकला. ठाणेदारांचाही हात अर्धा वर गेला. मग त्यांनी त्याच हाताने टोपी नीट केली.

कोठडी एकच होती, आणि मुद्देमालाची खोलीही तीच. विष्णूला आत सोडलं. कोपऱ्यात बुजगावणं उभं होतं, पगडीसकट, चोप छातीशी. विष्णू त्याच्या पायाशी टेकून बसला. अंगरख्याचं भोक त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

बाहेर पायरीवर म्हातारा आणि गोपाळ बसले. अहल्या नळाचं पाणी आणायला गेली. पहारा बदलत होता. नवा शिपाई कंदील घेऊन गजांपाशी गेला.

"कितने हैं?" कचेरीत नोंदवहीपाशी बसलेल्याने विचारलं.

"दो."

"दो? एक बताया था."

"दो हैं. एक बैठा है, एक खड़ा है."

"खड़ा क्यों है?"

"मालूम नहीं. बोलता नहीं. पगड़ीवाला है."

"ठीक है. दो लिख. सुबह गिनकर लूँगा."

गोपाळ सांगायला उठला. म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. घशातून आवाज येत नव्हता, म्हणून कानाशी वाकला.

"असू दे," तो म्हणाला. "सकाळी दोन मोजून द्यावे लागतील त्यांना, एकही कमी चालायचा नाही."

दाराआड ठाणेदार भदौरिया उभे होते. तेही ऐकत होते. दोनांतला एक गेला तर उरलेला एक कोणता, याचा हिशेब त्यांचा त्यांच्याशी चालला होता, आणि तो अजून लागला नव्हता.

आत विष्णूचा आवाज आला, तापातला, पण स्पष्ट.

"पाठ सरळ," तो बुजगावण्याला सांगत होता.